वार चुकलेला फोन

इमारतीचा जुना इंटरकॉम बंद पडला तेव्हा कोणाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. तळमजला धरून पाच मजले, लिफ्ट नाही, आणि ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल. इंटरकॉम उरला होता तो पंप चालू करा म्हणून ओरडण्यापुरता आणि खालच्या दारावरच्या विक्रेत्याला परस्पर वाटेला लावण्यापुरता. खरी पंचाईत झाली ती दोन म्हाताऱ्यांची. एक तळमजल्यावरची, म्हणजे आपल्या तपासनिसांची आई, आणि दुसरी म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाई.

दोघींचा उभा जन्म एकाच इस्पितळात गेला. आई धुलाईखात्यात. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून रचायच्या. नर्सबाई त्या चादरींवर माणसं झोपवायच्या. आता एकीचे गुडघे गेले होते आणि दुसरीची कंबर, त्यामुळे मधला जिना दोघींनाही झेपत नव्हता. एका इमारतीत राहून दोघींना एकमेकींचं तोंड पाहून वर्षं झाली होती. पण रोज दुपारी चारला, घरातली माणसं कामावर असताना, दोघी इंटरकॉमवर तासभर भांडायच्या. ऐकणाऱ्याला ते भांडण वाटायचं एवढंच. मोबाइल दोघींनाही घेऊन दिले होते. आईचा कपाटात चादरींच्या घडीखाली सुखरूप होता, कारण कानाला लावला की तो गालानेच बंद व्हायचा. नर्सबाईंचा कुठे होता ते नर्सबाईंनाही ठाऊक नव्हतं.

इंटरकॉम गेल्यावर आई दुपारी चारला भिंतीकडे बघत बसायला लागली. तपासनिसांना ते बघवेना. माणूस मनाने चांगला, याबद्दल दुमत नाही. दोष असला तर एकच होता, आणि तो त्यांच्या नोकरीचा होता.

तपासनीस हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ते इमारतीने ठेवलेलं. ज्या कचेरीत ते चिकटले होते तिथे जनतेचे अर्ज यायचे आणि तपासनीस त्यांतल्या त्रुटी काढून ते परत पाठवायचे. सही चौकटीबाहेर गेली, परत. फोटोत कान झाकला गेला, परत. अर्जदाराचं काम काय आहे, ते निकडीचं आहे का, हे बघायला वेगळा विभाग होता आणि त्या विभागाशी तपासनिसांचा संबंध नव्हता. वीस वर्षं हे केल्यावर माणसाची नजरच तशी होते. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ताट सरळ लावलंय का ते आधी बघायचे आणि मग जेवायचे.

तर आईसाठी नवा इंटरकॉम करायचा, आणि स्वतः करायचा, असं त्यांनी ठरवलं. मागे एकदा संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ते नेटवर्कचं थोडंफार शिकले होते. त्या शिक्षणाचा उपयोग अजून कोणाला झाला नव्हता, त्यामुळे ते आतल्या आत खदखदत होतं. कमिटीकडे रीतसर अर्ज करायला हवा होता. कमिटीचे सचिव स्वतः तपासनीसच. त्यांनी अर्ज लिहिला, सचिव म्हणून वाचला, विषयाच्या ओळीखाली रेघ नाही असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो शेरा मारून स्वतःला परत केला. दुसऱ्या दिवशी रेघ मारून पुन्हा दाखल केला. बायको म्हणाली की जगात निदान एका माणसाला तरी तुमचा त्रास कळला हे बरं झालं.

सल्ले तर मागायची गरजच नव्हती. कमिटीचे अध्यक्ष बस डेपोतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, प्रत्येक मजल्यावर एक घंटा टांगा आणि दोरी खाली सोडा, डेपोत अशीच होती आणि कधी बिघडली नाही. डेंटिस्ट, ज्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि घर तिसऱ्यावर, त्यांच्या मेहुण्याचा तयार इंटरकॉम विकायचाच धंदा होता. त्यांनी मेहुण्याचं कार्ड तपासनिसांच्या खिशात स्वतःच्या हाताने घातलं. तपासनिसांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मीटरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर नेऊन ठेवला.

हे प्रकरण कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा व्हायला नको. प्रत्येक घरात इंटरनेटवर चालणारा एक फोन. कोणी नंबर फिरवला की त्याचा फोन मीटरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला एक चिठ्ठी पाठवतो: अमक्याकडून, तमक्याला, बोलायचंय. कॉम्प्युटर ती पुढे पोचवतो, तिकडचं उत्तर इकडे आणतो, की झालं, दोघांनी बोलावं. ह्या चिठ्ठ्यांच्या भाषेला सिप म्हणतात आणि मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला प्रॉक्सी. तपासनिसांनी बायकोला हे जेवताना समजावलं, तेव्हा ती म्हणाली, म्हणजे मधला. आणि पुढे घरात त्याला मधला हेच नाव पडलं.

फोन ज्याने त्याने आपापले आणले, त्यामुळे दहा घरांत दहा तऱ्हा. आईचा तपासनिसांनी एका बंद पडलेल्या कंपनीच्या भंगारातून आणला, कारण त्याची बटणं बोराएवढी होती आणि आईला ती चष्म्याशिवाय दिसायची. पहिल्याच दुपारी आईने चौथा मजला लावला आणि नर्सबाईंना म्हणाली, "मेली नाहीस अजून?" पलीकडून जे उत्तर आलं ते तपासनिसांनी ऐकलं नाही, पण आईचा चेहरा असा उजळला की त्यांना वाटलं, शिकलेलं वाया गेलं नाही. त्या रात्री ते फार समाधानाने झोपले.

आता, सुरुवातीला त्यांनी मधल्याला काही तपासायला सांगितलं नव्हतं. आलेली चिठ्ठी पुढे ढकलायची, बस. आणि इथेच घात झाला. डेंटिस्टांनी आपल्या घरच्या फोनला शिकवून ठेवलं होतं की उचलला नाही तर दवाखान्यात पाठव. दवाखान्याच्या फोनला त्यांच्या बायकोने शिकवून ठेवलं होतं की उचलला नाही तर घरी पाठव. नवरा-बायकोंनी हे एकमेकांना सांगितलं नव्हतं, जसं संसारात होतं. एका रविवारी दोघं बाहेर गेलेली असताना अध्यक्षांनी दाढदुखीसाठी त्यांच्या घरी फोन लावला आणि कंटाळून रिसीव्हर नीट न ठेवताच गोळी घेऊन झोपी गेले. तिसऱ्या मजल्यावर फोन वाजला, थांबला, पहिल्यावर वाजला, थांबला, पुन्हा तिसऱ्यावर. रविवारची दुपार, सगळी इमारत आडवी झालेली, आणि तो फोन आपला जिना चढतोय आणि उतरतोय. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी मीटरच्या खोलीत जाऊन काठीने काय काय बंद करून आला, त्यात पंपही बंद झाला आणि संध्याकाळी कोणालाच पाणी नाही.

बैठकीत तपासनिसांची जी शोभा झाली ती वर्णन करण्यात अर्थ नाही. गाल सुजलेल्या अध्यक्षांनी एकच विचारलं, की हा फोन मघाशीच येऊन गेला एवढंही तुमच्या मशीनला कळू नये? हा प्रश्न तपासनिसांना फार लागला. कारण तो बरोबर होता. चिठ्ठीने आणखी किती हातांतून जायचं याचा एक आकडा चिठ्ठीवरच असतो, मधल्याने तो प्रत्येक वेळी एकाने कमी करायचा आणि संपला की थांबायचं. प्रोग्रॅममध्ये त्याची एक चौकट होती, तिच्यात फक्त बरोबरची खूण करायची राहिली होती.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? ती एक खूण केली असती आणि हात धुतले असते. पण तपासनीस त्या चौकटीपाशी पोचले तेव्हा त्यांना दिसलं की तिच्या खाली आणखी चौकटींची रांगच्या रांग आहे. पाठवणाऱ्याचं नाव नीट लिहिलंय का, तपासा. मजकुराची लांबी सांगितली तेवढीच आहे का, तपासा. तारीख आणि वार खरे आहेत का, तपासा. तपासनिसांच्या अंगावर काटा आला. वीस वर्षं ज्या कचेरीत नोकरी केली तिचाच रस्ता कोणीतरी दाखवावा तसं झालं. त्यांनी एकूण एक चौकटीत खूण केली. वर, परत आलेल्या माणसाला कारण कळायला नको का, म्हणून स्वतःच्या आवाजात एक सूचना भरली. मोरीत उभं राहून भरली, तिथे आवाज भारदस्त येतो म्हणून. "आपण पाठवलेला संदेश सदोष असल्याने परत करण्यात येत आहे. कृपया दोष दूर करून पुन्हा संपर्क साधावा."

मग जे व्हायचं ते झालं. अध्यक्षांचा फोन परत, कारण तो मजकुराची लांबी दोन अक्षरांनी जास्त सांगायचा. शिंप्याचा परत, कारण त्याने फोनमध्ये स्वतःचं नाव म्हणून दुकानाची अख्खी जाहिरात घातली होती. डेंटिस्टांचा का परत ते तपासनिसांनाही कधी कळलं नाही, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. लोक चिडले, जिन्यात अडवून बोलले. तपासनीस शांतपणे सांगत की दोष मशीनचा नाही, तुमच्या फोनचा आहे, आणि मशीन फक्त तो दाखवतंय. त्यांनी सूचनाफलकावर सदोष फोनवाल्यांचे मजले लावले. लाजेखातर म्हणा, कटकट नको म्हणून म्हणा, लोकांनी फोन बदलले, दुरुस्त केले, आणि चारसहा दिवसांत बोंब थांबली. खुद्द तळमजल्यावरून, म्हणजे त्यांच्या घरातून, एकही तक्रार आली नव्हती. जिथून तक्रार येत नाही तिथे सगळं ठीक असतं, हे त्यांच्या कचेरीतलं पहिलं तत्त्व होतं.

आई मात्र त्या सुमाराला गप्प झाली. जेवायची, इस्त्री करायची, विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायची. बायकोला वाटलं, गुडघे. तपासनिसांना वाटलं, हवामान. त्यांनी मलम आणून दिलं. आईने ते घेतलं आणि खिडकीत ठेवून दिलं.

असा महिना गेला असेल. एके दिवशी वरून बातमी आली की नर्सबाई चालल्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या गावी असतो, तो कधीचा मागे लागला होता, माझ्याकडे ये म्हणून. इतकी वर्षं त्या हलायला तयार नव्हत्या. आता म्हणे स्वतःच म्हणाल्या, की ने बाबा, इथे माझं आता कोण आहे. तपासनीस म्हणाले, बरं झालं, म्हातारपणी मुलाजवळ असलेलं चांगलं. सामान हलवायच्या परवानगीचा मुलाचा अर्ज त्यांनी सचिव म्हणून एकदा परत केला, कारण त्यात मजला आकड्यात होता, अक्षरात नव्हता, आणि त्यामुळे ट्रक दोन दिवस उशिरा ठरला. आईला बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "जाऊ दे." आणि चादरीची घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

ट्रक यायचा त्याच दिवशी तपासनिसांच्या कचेरीत नळ फुटला, दप्तरात पाणी शिरलं, आणि सगळ्यांना लवकर सोडलं. तपासनीस दार उघडून आत आले तेव्हा आई खुर्चीत बसली होती, पाठ दाराकडे. इस्त्री नुकतीच झाली होती. तिने इस्त्रीचा प्लग काढला आणि त्या जागी फोनचा घातला, कारण भिंतीला त्या बाजूला जागा एकच. मग घड्याळाकडे पाहत थांबली. चार वाजले तसं तिने पदर सारखा केला, रिसीव्हर उचलला आणि एक बटण दाबलं. ऐकत राहिली. मग रिसीव्हर हळूच खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

तपासनिसांनी विचारलं, काय झालं, उचलत नाहीत का त्या?

आईने मागे वळून पाहिलं. आपण पकडले गेलो याचा तिला राग आला होता.

"रोज लावते," ती म्हणाली. "आणि रोज तूच बोलतोस."

तपासनिसांनी रिसीव्हर कानाला लावून तोच नंबर दाबला. मोरीतला तो भारदस्त आवाज त्यांना म्हणाला की आपण पाठवलेला संदेश सदोष असल्याने परत करण्यात येत आहे. दुसऱ्याला ऐकवायला भरलेलं वाक्य स्वतःच्या कानात पडलं की कसं लागतं, ते त्यांना तेव्हा कळलं.

"मी फार बोलते, लाइन अडून राहते, असं तू एकदा म्हणाला होतास," आई म्हणाली. "सरळ सांगायचं होतंस, बाळा. मशीनच्या तोंडून कशाला? माझ्यात काय दोष आहे तो मी ह्या वयात कुठून काढू?"

तपासनिसांनी असं खरंच एकदा म्हटलं होतं, चेष्टेत. त्यांनी फोन हातात घेतला. त्याच्या छोट्या पडद्यावर गुरुवार लिहिला होता. दिवस मंगळवारचा होता. साल तर असं होतं की त्या साली तपासनीस रांगत असावेत. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. भंगारातला फोन, त्याच्या पोटातली घड्याळाची बॅटरी कधीच गेलेली. आई रोज इस्त्रीसाठी फोनचा प्लग काढायची, पुन्हा घातला की फोन जागा होऊन तोच जुना गुरुवार सांगायचा, आणि मधला वार चुकला म्हणून तिची चिठ्ठी परत करायचा. नर्सबाई वरून लावायच्या तेव्हा तर आणखी कहर. त्यांची चिठ्ठी खाली यायची, फोन वाजायचा, आई उचलायची, पण "उचलला" ही आईकडची चिठ्ठीही गुरुवारचीच, ती मधला टाकून द्यायचा. खाली आई हॅलो हॅलो करतेय, वर नर्सबाईंना वाटतंय ही उचलतच नाही.

म्हणजे एकीला वाटलं मुलाने तोडलं, दुसरीला वाटलं मैत्रिणीने. आणि फोन जोडणाऱ्याला वाराशी काय करायचं होतं? काही नाही. कोणाकडून आणि कोणाला, एवढं वाचून मधल्याने बाजूला व्हायचं होतं.

तेवढ्यात बायको कामावरून आली आणि म्हणाली की जिन्यात खोकी आहेत, ट्रक आलाय, खाटही खाली येतेय. तपासनिसांनी आईला घाईघाईने सगळं सांगितलं. आता मी वार दुरुस्त करतो, तू लाव, बोल. आई म्हणाली, तो डबा मी हातात धरणार नाही. आणि धरूनही उपयोग नव्हता, कारण नर्सबाईंचा फोन खोक्यात गेला होता. मोबाइलवर घरातलं कोणी लावून देईल म्हटलं तर आई म्हणाली, तिच्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवर, चार माणसांसमोर? आमचं बोलणं असं असतं का?

"मग निरोप तरी दे," तपासनीस म्हणाले. "मी वर जाऊन सांगतो."

आई म्हणाली, "सांग त्या टवळीला, जातेस तर जा, तुझं तोंड काळं कर. मेलीस तरी मी यायची नाही. आणि माझी कात्री दे परत, चोरटे."

तपासनीस जिना चढायला लागले. खोक्यांना वळसे घालत, खाट धरून उभ्या असलेल्या माणसांच्या काखेखालून वाकून जात ते वर निघाले, आणि चढता चढता त्यांना वाटायला लागलं की हा निरोप असाच्या असा देता येणार नाही. टवळी हा शब्द आधी गाळला. मग मेलीस हा शब्द, वयस्कर बाईला असं कसं म्हणायचं. चौथ्या मजल्यावर पोचेतो निरोप स्वच्छ झाला होता. नर्सबाई एका खोक्यावर बसल्या होत्या, कमरेला पट्टा, मांडीवर पिशवी. तपासनीस म्हणाले की मावशी, आपण चाललात याचं आईला फार वाईट वाटतंय, तिने शुभेच्छा दिल्या आहेत, आणि सवडीने कात्री मिळाली तर बरं होईल.

नर्सबाईंचा चेहरा एकदम मिटला. महिनाभर फोन उचलला नाही आणि आता शुभेच्छा पाठवतेय, त्या म्हणाल्या. "तिला सांग, थेरडे, शुभेच्छा तुझ्या इस्त्रीखाली घाल. आणि कात्री देणार नाही, काय करायचं ते कर."

तपासनीस खाली आले. उतरताना थेरडे गळलं, इस्त्रीही गळली. आईसमोर उभं राहून ते म्हणाले की त्या आभारी आहेत म्हणाल्या, आणि कात्री राहू दे म्हणाल्या.

"आभारी?" आईने विचारलं. "ती मला आभारी म्हणाली?"

आणि आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांत नवरा गेला तेव्हा सोडलं तर तपासनिसांनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. संपलं म्हणाली. ती मला परक्यासारखं बोलायला लागली, म्हणजे संपलंच. बाहेर ट्रकमध्ये खाट ठेवल्याचा धडाम आवाज झाला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"अहो, त्या खरंच आभारी म्हणाल्या?"

तपासनिसांनी कबूल केलं की भाषा थोडी सुधारून घेतली. दोन्हीकडची.

"तुम्हाला पोचवायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तपासायला कोणी सांगितलं?"

वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आईने डोळे पुसले आणि तिला काय ते उमजलं. ती खुर्चीत पुढे सरकली आणि नर्सबाई नक्की काय म्हणाल्या ते तिने शब्दन् शब्द वदवून घेतलं. थेरडे ऐकल्यावर तिने मान हलवली. इस्त्रीखाली ऐकल्यावर तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग तिने जो निरोप दिला तो मोठा होता, आणि त्यातले काही शब्द तपासनिसांनी आपल्या आईच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते. ती म्हणाली, पाठ करून म्हणून दाखव. त्यांनी म्हणून दाखवला. एका ठिकाणी अडखळले तर तिने पुन्हा म्हणायला लावला.

ह्या खेपेला जिन्यात अध्यक्ष भेटले, म्हणाले, काय तपासनीस, आज व्यायाम. तपासनीस थांबले नाहीत, थांबले असते तर मधलं वाक्य विसरले असते. वर नर्सबाई, त्यांचा मुलगा, हमाल, आणि निरोपाला आलेले डेंटिस्ट आणि त्यांची बायको, असे सगळे दारात. तपासनिसांनी एक श्वास घेतला आणि आईचा निरोप म्हणायला सुरुवात केली. टवळेपासून कात्रीपर्यंत, मधलं ते आचरट वाक्य धरून. डेंटिस्टांची बायको आत निघून गेली. तपासनीस घामाने भिजले होते, पण एक शब्द खाली पडू दिला नाही. शेवटी स्वतःचं म्हणून जोडलं की मावशी, फोन आईने तोडला नाही. मी अडवला. तिच्या फोनचा वार चुकत होता म्हणून.

"वार?" नर्सबाई म्हणाल्या. "आम्ही दोघी फोनवर कधी एकमेकींना वार विचारला?"

चूक झाली, असं तपासनीस हमालांसमोर आणि डेंटिस्टांसमोर मोठ्याने म्हणाले. नर्सबाईंच्या मुलाने घड्याळ पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, आई, निघायला हवं. त्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

"महिनाभर रोज लावत होती?" त्यांनी विचारलं.

तपासनीस म्हणाले, रोज. चार वाजता. पदर सारखा करून.

नर्सबाईंनी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाल्या, "तिला सांग, अकरा नंबरची चादर अजून ओलीच आहे."

तपासनीस पुढच्या शब्दाची वाट बघत उभे राहिले. याच्या पुढे काही आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हणाल्या. ते खाली उतरले. त्यांना त्यातलं काडीचंही कळलं नव्हतं. सगळ्या मजल्यांवरून जाताना ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत गेले, इस्पितळातल्या कुठल्या काळची चादर, कोण अकरा नंबर, याचा विचारही करायला घाबरले, न जाणो विचारात एखादा शब्द बदलायचा.

आई दाराकडे तोंड करून बसली होती. तपासनीस तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अकरा नंबरची चादर अजून ओलीच आहे."

आईचं तोंड उघडं राहिलं. मग ती हसायला लागली. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलत होते, मग मोठ्याने, मग इतकं की तिला खुर्चीचा हात धरावा लागला आणि सून पाणी घेऊन धावत आली. पाण्याचा घोटही घेता येईना. महिनाभराचं सगळं बाहेर पडत होतं. हसता हसता तिने सुनेला सांगितलं, त्या ट्रकवाल्याला म्हणावं, खाट वर न्या, ती जात नाही.

"असं कुठे म्हणाल्या त्या?" तपासनिसांनी विचारलं.

"तुला नाही सांगितलं ते तिने," आई म्हणाली.

बाहेर हमालाचा आवाज आला, की साहेब, वरून बाई ओरडतायत, खाट परत न्यायला सांगतायत, नक्की करायचं काय ते ठरवा. आईने डोळे पुसले, पदर नीट केला, आणि मुलाला जवळ बोलावलं.

"जा, सांग तिला, मग तू झोप तिच्यावर."

तपासनीस दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि जिना चढायला लागले.